टोप न काढलेली नायिका

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, आपल्या घरात एखादी गोष्ट सगळ्यांत आधी करणारी बाई कोण?" तुमच्या शाळेत म्हणे मार्च महिन्यात प्रत्येकाने आपापल्या घरातल्या अशा एका बाईबद्दल बोलायचं असतं. मी म्हटलं, आहे एक, पण फोनवर सांगण्यासारखी नाही. मधेच आवाज तुटतो, तुम्ही "हं, हं" म्हणत राहता, आणि तुम्हाला काहीच ऐकू आलेलं नाही हे मला शेवटी कळतं. म्हणून लिहून पाठवते आहे. दुसरं कारण असं, की हे घडलं त्या संध्याकाळी नाटकाच्या पडद्यामागे जी माणसं होती, त्यांतली आता मी एकटी उरले आहे. मी लिहिलं नाही तर ही गोष्ट माझ्याबरोबरच जाईल, आणि ती जायला नको.

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. त्या घरांतली मुलं-नातवंडं अजून याच गावात आहेत, सणावाराला भेटतात. कोण कुणाला काय म्हणालं ते नावानिशी लिहिलं तर पुढच्या गणपतीत मला प्रसादाचा मोदक मिळायचा नाही.

पन्नासचं दशक अर्धंअधिक सरलं असेल तेव्हा मी लग्न होऊन बंगळूरला आले. पुण्याला इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झाले होते. तुमचे आजोबा इथे सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, त्यांचे थोरले भाऊ एका संशोधन संस्थेत. घर राजाजीनगरात. त्या वेळचं राजाजीनगर म्हणजे आखून ठेवलेले सरळ रस्ते, मधूनमधून एखादं नवं घर, आणि बाकी मोकळ्या प्लॉटांवर चरणाऱ्या शेळ्या. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. घरात माझे सासरे, म्हणजे मामंजी, रेल्वेतून निवृत्त झालेले. आणि घर चालवणारी माझी मोठी जाऊ, तुमची मोठी आजी. ही गोष्ट तिची आहे.

मी पहिल्या दिवशी तिला "अहो जाऊबाई" अशी हाक मारली, तर ती म्हणाली, "जाऊबाई म्हटलं की मला आपण भांडायला उभ्या राहिल्यासारखं वाटतं. अक्का म्हण. आणि अहो नको, अगं म्हण." तेव्हापासून ती माझी अक्का. माहेर बेळगावचं. भाजीवाल्याशी कानडी, माझ्याशी मराठी आणि मांजराशी दोन्ही भाषा बोलायची. माझ्या पुणेरी मराठीची ती मनसोक्त नक्कल करी. मी "थोडंसं मीठ" म्हटलं की ती माझ्याच स्वरात, पण कानडी शब्द घालून, "स्वल्प मीठ" म्हणून वाटी पुढे करी.

आमचं मराठी मंडळ तेव्हा लहान होतं. कारखान्यांतले इंजिनियर, संशोधन संस्थांतले लोक, काही बेळगाव-धारवाडकडची जुनी कुटुंबं. वर्षातला मोठा कार्यक्रम म्हणजे गणेशोत्सव, आणि गणेशोत्सवातला मोठा कार्यक्रम म्हणजे नाटक. नाटकात बायकांची कामं पुरुष करत. पुण्या-मुंबईकडे तोवर कितीतरी बायका नाटकांत कामं करत होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या. मी ते एकदा जेवताना बोलले. मामंजी मंडळाचे अध्यक्ष होते. ते शांतपणे म्हणाले, "ते तिकडे, सूनबाई. घरापासून लांब राहणाऱ्या माणसांनी जरा जपून वागायचं असतं." मी भात वाढला.

मंडळाची नायिका म्हणजे एका कचेरीत हिशेबनीस असलेले गोरे, किरकोळ अंगाचे गृहस्थ. सगळे त्यांना "नायिकाबाई" म्हणत आणि ते ओ देत. या कामासाठी त्यांनी वर्षानुवर्षं मिशी ठेवलेली नव्हती, त्यांची बायको म्हणे, "माझ्या फोटोत माझ्याशेजारी माझी बहीण बसल्यासारखी दिसते." स्वभावाने अतिशय सालस. तालमी आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत होत. नायिकाबाईंना नऊवारी नेसवायचं काम अक्काचं. पण नेसवून भागत नसे. चालायचं कसं, खाली बसताना काष्टा कसा सावरायचा, परक्या माणसासमोर पदर कसा घ्यायचा आणि नवऱ्यासमोर कसा, हे सगळं ती दाराशी उभी राहून सांगायची. "अहो, बाई अशी धपकन बसत नाही. सिमेंटचं पोतं बसतं." ते हसून पुन्हा उठायचे, पुन्हा बसायचे. त्यांना कचेरीतून यायला उशीर झाला की तोवर नायिकेची वाक्यं अक्काच म्हणायची, म्हणजे बाकीच्यांचं अडायला नको. आत भाकरी थापता थापतासुद्धा म्हणायची. तव्यावर भाकरी आणि तोंडी दुसरा अंक.

त्या वर्षीचं नाटक आमच्याच एका सभासदाने लिहिलेलं सामाजिक नाटक होतं. नायिका सासरच्यांचा विरोध पत्करून शिकते, शिक्षिका होते, आणि तिसऱ्या अंकात भर सभेत उठून मुलींच्या शिक्षणाबद्दल चांगलं पानभर बोलते. हे भाषण रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत एक पुरुष करायचा, समोर सगळे पुरुष माना डोलवायचे, आणि आम्ही दोघी आतून कॉफी पाठवायचो. एकदा मी अक्काकडे पाहिलं आणि आम्हा दोघींना एवढं हसू लोटलं की ट्रेमधली कॉफी सांडली.

पण हसण्याखाली आणखी काहीतरी होतं, ते मला हळूहळू कळलं. बेळगावला शाळेत असताना अक्काने स्नेहसंमेलनात काम केलं होतं. ते पाहून तिच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "ही पोर उभी राहिली की बाकीची रंगभूमी रिकामी वाटते." हे तिने मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडताना, मान खाली घालून. पुढे लग्न झालं, संपलं. दर वर्षी नाटकाचं छापील हस्तपत्रक घरी आलं की ती पात्रपरिचय वरपासून खालपर्यंत वाचायची. तिला हौसेने मिरवायचं नव्हतं, टाळ्यांचीही फार हाव नव्हती. आपण केलेलं काम आपण केलं हे चार माणसांना ठाऊक असावं, एवढंच तिला हवं होतं. आणि तेवढंच तिला कधी मिळत नव्हतं.

नाटक ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, षष्ठीला संध्याकाळी होतं. दुपारी जेवणं आटोपतात तोच नायिकाबाई आमच्या दारात आले. हातात तार. त्यांचे वडील आदल्या दिवशी धारवाडला वारले होते. ते उभ्या उभ्या मामंजींना म्हणाले, "मला माफ करा. मी आणि ही आत्ताच्या गाडीने निघतोय." मामंजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माफी कसली मागता? निघा तुम्ही. इथलं आम्ही बघतो."

ते गेले, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत मंडळाचे चिटणीस, नाटकाचे दिग्दर्शक, माझे थोरले दीर आणि तुमचे आजोबा डोक्याला हात लावून बसले. सभागृह ठरलेलं, पाहुणे ठरलेले, हस्तपत्रकं छापलेली. सुतकातला माणूस गणपतीसमोर उभा राहणं शक्य नाही. दुसऱ्या कुणाला एका दुपारीत तीन अंक पाठ होणं शक्य नाही.

दिग्दर्शक हळूच म्हणाले, "वाक्यं येणारं एक माणूस या घरात आहे."

चिटणीसांना कळायला जरा वेळ लागला. मग ते जवळजवळ ओरडलेच, "बाई? आपल्या मंडळात? अहो, लोक काय म्हणतील?"

"नाटक मुलींनी शिकावं यावर आहे," तुमचे आजोबा म्हणाले. "लोक म्हणतील, आधी स्वतःच्या घरातली एक तरी बाहेर काढा."

माझे दीर फार कमी बोलणारे. ते म्हणाले, "तिला विचारा. माझी ना नाही."

मामंजींनी मग आपला निर्णय सांगितला. अक्काने काम करावं. पण हे नाटकातल्या माणसांपलीकडे कुणाला कळता कामा नये. हस्तपत्रकात नायिकाबाईंचं नाव आहे, ते तसंच राहील. लोक दर वर्षी त्यांनाच पाहतात, याही वर्षी त्यांनाच पाहतील. रंग चढवला, दिव्यांचा उजेड पडला, की पन्नास फुटांवरून कोण ओळखतो?

अक्का दाराआड उभी होती. तिने विचारलं, "नाव त्यांचंच राहणार?"

"त्यांचंच," मामंजी म्हणाले.

मग ती कानडीत "बरं" म्हणाली, "सरी." आणि आत येऊन नऊवारी काढायला लागली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "असं बघू नकोस. उभं तर राहायला मिळतंय."

रंगवायला येणारा माणूस कानडी होता. तो नेहमीप्रमाणे नायिकेचा टोप घेऊन आला, अक्काच्या गुडघ्यापर्यंतच्या केसांकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं, आणि काही न बोलता टोप परत पेटीत ठेवला. त्याला गुपचूप राहायला सांगावंही लागलं नाही. मी विंगेत प्रॉम्प्टर म्हणून पुस्तक धरून बसले. पडद्याचा दोर तुमच्या आजोबांच्या हातात.

त्या नाटकाबद्दल मी काय सांगू? पुस्तक माझ्या मांडीवर होतं आणि मला पान उलटायचंही भान राहिलं नाही. एका वाक्यालाही तिला माझी गरज पडली नाही. पहिल्या अंकानंतर मी पाणी आणायला बाजूच्या दाराने बाहेर गेले, तर शेवटच्या रांगेतल्या दोघी बोलत होत्या.

"काय बाई, यंदा तर अगदी हुबेहूब! चालणंसुद्धा."

"हो, पण आवाज जरा पुरुषी येतोच. कितीही केलं तरी तो पुरुषच."

"मी म्हणते, खऱ्या बाईलासुद्धा इतकं जमायचं नाही."

मी पाणी न घेताच परत आले आणि हे अक्काला सांगितलं. तिने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला आणि रंगवणारा माणूस तिच्यावर करवादला. तेवढंच. मग तिसऱ्या अंकात ते भाषण झालं. रोज संध्याकाळी मी ते ऐकत आले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या शब्दांना अर्थ आहे. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

आमच्या मंडळाची एक रीत होती. नाटक संपलं की सगळी पात्रं ओळीने उभी राहत, आणि नायिकाबाई पुढे येऊन झटक्यात डोक्यावरचा टोप काढत. खालून हशा, शिट्या, टाळ्या. मुलं तर त्या क्षणाचीच वाट बघत असत. आम्ही दुपारपासून एवढा विचार केला, पण ही रीत कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. टाळ्या थांबेनात, आणि मग मागून एकाने आरोळी दिली, "टोप काढा!" लगेच सगळं सभागृह एका सुरात, "टोप काढा! टोप काढा!"

अक्का मधोमध उभी. तिचा हात वर अंबाड्याकडे गेला. ती अंबाडा सोडणार, केस पाठीवर पडणार, आणि सगळ्यांना कळणार, असं मला वाटलं. तिने पहिल्या रांगेत बसलेल्या मामंजींकडे पाहिलं. मामंजी आपल्या चपलांकडे पाहत होते. तिचा हात खाली आला. तिने दोन्ही हात जोडले, आणि तुमच्या आजोबांनी दोर सोडून दिला.

चिटणीसांनी पडद्यापुढे जाऊन नायिकाबाईंची तब्येत बरी नाही असं काहीतरी सांगितलं. पाहुण्यांनी उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस, चांदीची वाटी, नायिकाबाईंना जाहीर केलं. ती श्रमपरिहाराच्या दिवशी द्यायचं ठरलं. श्रमपरिहार म्हणजे उत्सवासाठी राबलेल्या सगळ्यांसाठी मंडळ एक जेवण घालतं, ते. घरी येताना अक्का एवढंच म्हणाली, "पाय दुखतायत गं." रात्री मी तिच्या पायांना तेल लावलं.

गोष्ट इथेच संपायची, पण आमच्या हुशार पुरुषांकडून एक चूक झाली होती. मोठमोठी यंत्रं जोडणारे लोक, त्यांनी सगळ्याचा विचार केला. तिथी मात्र विसरले.

नायिकाबाई तेरावा आटोपून परत आले. डोक्याचा गोटा, वर काळी टोपी. मामंजींनी सगळं त्यांच्या कानावर घातलं आणि काही न बोलण्याचं वचन घेतलं. पण पहिल्या मासिक श्राद्धाला त्यांनी गुरुजींना पंचमीला बोलावलं. गुरुजी मराठी घरांतली सगळी कार्यं करत. ते दुसऱ्या एका घरी सहज बोलले, आणि आमच्या बायकांना पुढचं गणित मांडायला पंचांग लागत नाही. पंचमीला मासिक, म्हणजे वडील गेले ऋषिपंचमीला. ऋषिपंचमीचा उपास तर सगळ्यांनीच केलेला, ती कोण विसरणार? आणि नाटक दुसऱ्या दिवशी.

श्रमपरिहार दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी होता. सकाळपासून आम्ही बायका सभागृहामागच्या स्वयंपाकघरात. अक्का विळीवर नारळ खवत होती, मी मटार सोलत होते. कोपऱ्यात नायिकाबाईंची बायको भाजी चिरत होती. तेव्हा एका वयस्क बाईंनी, तिला ऐकू जाईल अशा बेताने, सुरुवात केली.

"आमच्या वेळी बाप गेला की माणूस चूल पेटवत नसे. आता तोंडाला रंग फासतात."

"आणि तेही गणपतीपुढे," दुसरी म्हणाली. "सुतकात! यंदा पाऊस कमी झाला तो उगीच नाही."

"तार हातात पडली तरी नाटक सोडवेना. हौस हो, हौस. तिकडे बाप तिरडीवर आणि इकडे हा नऊवारीत."

ती बिचारी काय बोलणार? नवऱ्याने शब्द दिलेला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती आपली भाजी चिरत होती. आता दोष तिच्यावरही आला, कारण वयस्क बाई पुढे म्हणाल्या, "बायकोने तरी सांगायचं नाही का?"

अक्काने विळी मिटली. हात धुतले. पदराला पुसत ती बाहेर अंगणात गेली, जिथे मामंजी पानं मांडून घेत होते. मी तिच्या मागोमाग. सुनेने सासऱ्यांना असं चारचौघांत हटकायचं नसतं, आणि तिने ते आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"मामंजी, जरा ऐका," ती म्हणाली. "आत बायका तिला बोलतायत. सुतकात नवरा नाचला म्हणतायत."

मामंजींच्या हातातलं पान तसंच राहिलं. त्यांना ते त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मी गप्प राहीन म्हटलं होतं," अक्का म्हणाली. "ते माझ्यापुरतं. माझं नाव नाही आलं तर नाही आलं. पण त्याची किंमत तिने का द्यायची? तुम्ही सांगत नसाल तर मी आत जाऊन सांगते."

मामंजींनी हातातलं पान खाली ठेवलं. अक्का परत आत येऊन विळीवर बसली, पण तिच्या हातून नारळ खवला जाईना. घरात यापुढे तिची काय जागा राहणार, हे त्या काही मिनिटांत ठरणार होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

पंगत बसली. पुरुष आधी, अशी तेव्हाची पद्धत. पण मामंजींनी निरोप पाठवला की बायकांनीही बाहेर यावं, दोन शब्द बोलायचे आहेत. आम्ही दाराशी गर्दी करून उभ्या राहिलो. अध्यक्षांचे दोन शब्द म्हणजे सगळ्यांचे आभार आणि पुढच्या वर्षी लवकर या, हे सगळ्यांना पाठ होतं. माणसांचं लक्ष जिलबीकडे होतं.

मामंजी म्हणाले, "नाटकाच्या संध्याकाळी हे गृहस्थ," आणि त्यांनी नायिकाबाईंकडे हात केला, "धारवाडच्या गाडीत होते. वडिलांच्या अंत्यकर्माला निघाले होते. स्टेजवर माझी मोठी सून होती. मी तिला हो म्हटलं होतं. लपवायलाही मीच सांगितलं होतं. कुणाला दोष द्यायचा तर मला द्या. गणपतीपुढे सुतक आलेलं नाही. आली होती ती बाई."

एक कुटुंब पानावरून उठलं आणि न जेवता निघून गेलं. त्यांनी पुढे दोन वर्षं मंडळात पाऊल टाकलं नाही. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण अशा गोष्टी फुकटात होत नाहीत. मग माझ्या शेजारून मोठ्याने आवाज आला. ज्या वयस्क बाईंनी सकाळी सुरुवात केली होती, त्याच.

"तरीच! तरीच टोप निघेना! मी यांना तेव्हाच म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस, आवाज पुरुषी आहे," त्यांचे यजमान पंगतीतून म्हणाले.

आणि सगळी पंगत हसली. इतकी हसली की वाढपी थांबले. त्या बाई मग नायिकाबाईंच्या बायकोजवळ गेल्या, गडबडीत तिच्या हातात तशीच राहिलेली सुरी काढून घेतली आणि म्हणाल्या, "चल, तू बस जेवायला, मी चिरते." भाजी केव्हाच शिजून झाली होती, पण माफी मागायची त्यांची ती पद्धत होती.

नायिकाबाई पानावरून उठले. चांदीची वाटी चिटणीसांच्या हातातून घेतली, दाराशी आले आणि दोन्ही हातांनी अक्कापुढे धरली. म्हणाले, "अक्का, बसायला तुम्ही शिकवलंत. आता ही तरी घ्या."

अक्काने वाटी घेतली. मग चिटणीसांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अण्णा, पुढच्या वर्षीच्या पत्रकात नाव छापाल?"

चिटणीस अडखळले. मामंजींकडे पाहिलं. मामंजी म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? काम तिचं आहे. तिला विचारा, कसं छापायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा पेला खाली ठेवताना मामंजी अक्काला म्हणाले, "त्या दिवशी काम फार चांगलं झालं होतं. सांगायचं राहून गेलं." बस, एवढंच. अक्का आत आली आणि चुलीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या वर्षी पत्रकात तिचं नाव आलं. तिचं स्वतःचं, तिला हवं तसं. त्याच्याखाली आणखी एका बाईंचं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत पुरुषांनी बायकांची कामं करणं आपोआप बंद झालं. नायिकाबाईंनी झुबकेदार मिशी वाढवली आणि ते आमचे दिग्दर्शक झाले. त्यांच्याइतका समजून घेणारा दिग्दर्शक मी पुढे पाहिला नाही. बायकांना काय जड जातं हे त्यांना स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. साठचं दशक निम्मं संपलं तोवर बायका कार्यकारिणीत आल्या होत्या. ज्या बाई आवाज पुरुषी म्हणाल्या होत्या, त्यांच्या सुनेने पहिलं नाटक लिहिलं. पंगतीला बायका-पुरुष एकदमच बसू लागले.

आणि मी. माझी बी. ए. ची पदवी लग्नापासून ट्रंकेत होती. आमच्या भागातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली, तेव्हा मी जेवताना भीत भीत विषय काढला. मामंजी म्हणाले, "जा की." इतक्या सहज म्हणाले, की मला वाटलं त्यांनी नीट ऐकलंच नाही. अक्का टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होती. माझ्या शाळेतल्या नोकरीच्या वर्षांत, मुलं लहान असताना, सकाळचा डबा तिने भरून दिला. मी तिचे आभार कधी मानले नाहीत, कारण मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "पुरे गं तुझं पुणं." म्हणून इथे, तुमच्यासमोर, मानते आहे. तिचे, मामंजींचे, आणि आपल्या नावाची वाटी अक्कापुढे धरणाऱ्या त्या सालस गृहस्थांचेही.

पुष्कळ वर्षांनी मंडळाच्या वर्धापनदिनाला तरुण मुलींनी मंडळातल्या बायकांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. त्यात त्या संध्याकाळचा फोटो होता, आणि खाली अजूनही नायिकाबाईंचं नाव. त्यांच्याच मुलाने ते पाहिलं आणि तिथल्या तिथे कागद बदलायला लावला. अक्का तेव्हा होती. खुर्चीत बसून तिने नवा कागद चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "अक्षर चांगलं आहे."

धाकटे, शाळेत बोलताना तू तिचं नाव घे. ते तुझ्या आईला विचार, तिला ठाऊक आहे. पहिली बाई कोण, याचं उत्तर तेच.

आता अक्का नाही, मामंजी नाहीत, तुमचे आजोबा नाहीत. राजाजीनगरातलं ते घर पाडून तिथे फ्लॅट झाले. गणेशोत्सवातलं षष्ठीचं नाटक मात्र चालू आहे. ते मंडळातल्या बायका लिहितात, बायका बसवतात, आणि पत्रकात ज्याने जे काम केलं त्याचंच नाव असतं.

तुमची,
आजी